फियाटवाले नाना

सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली या पट्ट्यात खानदेशातून आलेली माणसं जिथे वसली, तिथे गल्लीआड एक फियाटवाले नाना सापडतात. गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी. नाना लूमच्या खात्यातून निवृत्त झालेत. गाडी अजून कामावर आहे, हजेरी तेवढी अनियमित.

गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली की नानांचा चेहरा पडतो. बंद पडली की खुलतो. बॉनेट वर गेलं रे गेलं, की गल्ली जमते. “काय व्हयनं नाना?” “शुं थयुं, काका?” पाठोपाठ निदानंही येतात. कॉइल गेली. कंडेन्सर बदला. गाडीच काढून टाका! नाना ऐकत नाहीत. त्यांचा खाक्या फौजदाराचा: बॅटरीतून निघालेला करंट शेवटचा कुठे दिसला? टेस्ट लॅम्प आधी इग्निशन स्विचला, मग कॉइलला, मग पॉइंटला. पॉइंट उघडताक्षणी कॉइल बारा व्होल्टांचे हजारो व्होल्ट करते, हे सांगता सांगता ते ऐकणाऱ्या पोराच्याच हातात प्लगची वायर देतात. “बॉडीपासून पाव इंच धर. ठिणगी निळी पाहिजे, पिवळी नको.” पोरगं किंचाळून मागे उडालं की नाना समाधानानं म्हणतात, “कॉइल चांगली आहे.”

पॉइंट पॉलिश पेपरनं घासले की त्यांच्यातली फट लावायची, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. फिलर गेज घरात आहे, पण नानांचा विश्वास रिंग रोडच्या एका साडी व्यापाऱ्याच्या व्हिजिटिंग कार्डावर. दुकान केव्हाच उठलं. कार्डाची जाडी टिकून आहे.

खरी मजा पावसाळ्यात. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल धरते आणि करंट प्लगला जायचं सोडून भलतीकडे पळतो. उपाय सोपा, टोपी कोरडी पुसायची. पण रात्रंदिवस कापड विणणाऱ्या या सुरतेत नानांना फडकं मिळत नाही! घरात, शेजारी, खात्यात, जिकडे तिकडे पॉलिस्टर. ते पाणी पितच नाही, इकडचं तिकडे सारतं फक्त. म्हणून धुळ्याहून मोठ्या भावाचं जुनं सुती धोतर मागवून डिकीत ठेवलंय. पाहुणे आले, दूध उतू गेलं, तरी काकूंना त्याला हात लावायची मुभा नाही.

काकू एव्हाना नंदुरबारच्या लग्नासाठी नटून मागच्या सीटवर बसलेल्या असतात. सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी ठीक, रात्रभर पाऊस होता म्हणजे टोपी ओली, हे त्यांना बसल्या जागी कळलेलं असतं. बोलत नाहीत, कारण मधे कोणी बोललं की नाना पुन्हा बॅटरीपासून सुरुवात करतात.

अखेर धोतर फिरतं, टोपी बसते, गाडी धडधडते. गल्ली टाळ्या पिटते. नाना हात पुसत आत बसतात आणि चावी फिरवून गाडी बंद करतात.

“पुन्हा चालू होते का, बघतो.”

काकू पिशवी उचलून उतरतात आणि उधना स्टेशनच्या रिक्षाला हात करतात.