फ्लेक्सचे अक्षरशास्त्र

अक्षररचनेचा पहिला नियम: महत्त्वाचा मजकूर मोठा. कर्जत-खालापूरच्या फ्लेक्सवर तो काटेकोर पाळला जातो. महत्त्वाचे कोण, हे आधीच ठरलेले असते. भाऊंचे नाव दोन फूट, शुभेच्छुकांचे सहा इंच, आरोग्य शिबिराची तारीख नखाएवढी, तीही खालच्या बांबूमागे. दुसरा नियम मोकळ्या जागेचा: ती उरलीच तर तिथे आणखी एक गॉगलवाला बसवावा. रफाराची जागा ऐच्छिक, म्हणून ‘आर्शीवाद’. १८६९मध्ये निर्णयसागर छापखाना काढणाऱ्या जावजी दादाजींनी देवनागरीचे सुबक खिळे पाडले. बिचाऱ्यांना सोनेरी ग्रेडियंट ठाऊक नव्हता. ठाकुरवाडीत शिबिराची तारीख कोणालाच कळली नाही. फ्लेक्स मात्र पावसाळ्यात कुडाच्या घरावर ताणला गेला. भाऊंचा चेहरा आतल्या बाजूला आहे. पाणी गळत नाही.