तंबू घेताना कार्पेट एरिया विचारा

मीरा-भाईंदरच्या माणसाला जागा कशी निवडावी हे शिकवायला जाणं हा तसा आगाऊपणाच. १९८५ साली ग्रामपंचायती एकत्र करून इथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली; आणि एवढ्या काळात गिरगाव-परळच्या चाळी सोडून इकडे आलेल्या कितीतरी कुटुंबांनी, नकाशात ‘मास्टर बेडरूम’ म्हटलेल्या चौकोनात कपाट ठेवल्यावर पलंग बसतो की नाही, हे टेप लावून मोजलेलं आहे. ब्रोशरमधली जागा वेगळी आणि किल्ली फिरवल्यावर दिसणारी जागा वेगळी, हे ज्ञान या शहराने हप्ते भरून मिळवलं. असा हा मुरलेला गिऱ्हाईक थंडी पडली की मुलाबाळांना गाडीत घालून केळव्याला नाहीतर भंडारदऱ्याला मुक्कामी जायचं ठरवतो, दुकानात जातो, पिशवीवर ‘फोर पर्सन’ वाचतो आणि घरात माणसं चार आहेत म्हणून निमूट पैसे मोजतो. फ्लॅटच्या वेळी बाळगलेला संशय तंबूच्या वेळी का सोडावा, याला काही सबळ कारण दिसत नाही. म्हणून या मार्गदर्शनाचा आग्रह एकच: तंबू फ्लॅटसारखाच घ्यावा, छापील आकड्यावर विसंबून न राहता कार्पेट एरिया पाहून.

आता पुरावा. चार माणसांचा म्हणून विकल्या जाणाऱ्या सर्वसाधारण तंबूचा तळ २१० सेंटीमीटर बाय २४० सेंटीमीटरच्या आसपास असतो, म्हणजे साधारण सात फूट बाय आठ फूट. कंपनीचा हिशोब असा की माणशी ६० सेंटीमीटर, म्हणजे दोन फूट रुंदी पुरे. चार माणसं, आठ फूट, विषय संपला. या हिशोबातला माणूस उताणा झोपतो, हात अंगाला चिकटवून ठेवतो, रात्रभर कूस बदलत नाही आणि सोबत काही आणत नाही. असा नवरा मिळणं कठीण, असं मूल तर अशक्यच. आपल्याकडची साधी एकेरी गादी तीन फूट बाय सहा फुटांची असते. अशा चार गाद्या शेजारी-शेजारी घातल्या तर बारा फूट रुंदी लागते आणि तंबूत आहे आठ फूट. दोन गाद्या घातल्यावर उरतात दोन फूट, त्यांत एक बॅग, पाण्याचा कॅन आणि पहाटे कुणालाच न सापडणारी टॉर्च मावते. तात्पर्य, पिशवीवरच्या आकड्याला दोनाने भागावं. चार म्हणजे दोन, सहा म्हणजे तीन, आणि ‘टू पर्सन’ म्हणजे एक माणूस व त्याचा एकांत.

भागाकार झाला तरी काम संपत नाही, कारण हे क्षेत्रफळ फक्त जमिनीवरचं आहे. फ्लॅटसाठी निदान रेरा आहे; केंद्राचा हा कायदा २०१६चा. महाराष्ट्रात महारेरा १ मे २०१७पासून कामाला लागलं, आणि कार्पेट एरियात बाहेरच्या भिंती धरायच्या नाहीत, बाल्कनी धरायची नाही, हे कायद्यानेच ठरवून दिलं. तंबूंना असा रेरा नाही. दाराबाहेरचा पुढे काढलेला पडवीवजा भाग कंपन्या बिनदिक्कत लांबीत मिळवतात, आणि घुमटाकार तंबूच्या भिंती आत झुकलेल्या असल्यामुळे कडेच्या फूटभर पट्ट्यात उठून बसलं की डोकं कापडाला लागतं. छापलेली उंची मधल्या एका बिंदूची असते. त्या बिंदूवर फार तर घरातला कर्ता पुरुष ताठ उभा राहू शकेल, बाकीच्यांनी वाकून वावरायचं. आजी सोबत येणार असेल तर याकडे काणाडोळा करू नये. रांगत आत शिरणं हा सहा वर्षांच्या नातवाचा आनंद असतो, आजीच्या गुडघ्यांचा नव्हे. उभ्या भिंतींचा खोलीवजा तंबू तिच्यासाठी बरा. पण तो वारा जास्त धरतो, त्यामुळे त्याचे तणावे सगळेच्या सगळे बांधावे लागतात. दोन तणावे पिशवीतच राहिले तर चालतं असं समजणाऱ्याने घुमट घ्यावा.

इथे पहिला आक्षेप येईल, आणि तो भाईंदर स्थानकातून येईल. तीन जणांच्या बाकावर चौथी सीट घेऊन आम्ही चर्चगेट गाठतो, आम्हाला दोन फूट म्हणजे ऐश आहे. आक्षेप वजनदार आहे. मात्र चौथी सीट तासाभराची असते, समोरचा दादर-अंधेरीला उतरण्याची आशा असते, आणि मुख्य म्हणजे शेजारच्याशी पुढचे दोन दिवस एका ताटात जेवायचं नसतं. तंबूत आठ तासांत कुणीही उतरत नाही. दुसरा आक्षेप याच्या अगदी उलट दिशेने येतो: मग बारा माणसांचाच घेऊन टाकू. बारांचा तंबू घेतल्याची बातमी नालासोपाऱ्याच्या आत्याकडे संध्याकाळपर्यंत पोहोचते आणि मोकळी जागा निघायच्या आधीच भरते, ही एक अडचण. दुसरी डिकीची. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या सीएनजीवर चालतात आणि टाकीने डिकीचा मोठा हिस्सा आधीच बळकावलेला असतो. मोठ्या तंबूचं गाठोडं पंधरा-वीस किलोचं, आतल्या काठ्यांमुळे लांबलचक आणि कसंही न दुमडणारं असतं. तेव्हा दुकानात जाण्याआधी डिकी मोजावी, टाकी न हलवता. गाडीने जाण्याचा एक फायदा मात्र विसरू नये: गाडी हा तंबूचा माळा आहे. रात्री बॅगा, बूट, शेगडी सगळं तिच्यात गेलं की आत तीन-चार फूट मोकळे होतात. शेगडी तर तंबूत नकोच. बंद कापडाआड विषारी वायू साठतो, तिथे विनोदाला जागा नाही.

पाण्याविषयी या शहराला वेगळं सांगायला नको, तरी आकड्यांनी फसू नये. तंबूवर ‘३००० मिमी’ असं ठळक लिहिलेलं असतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, त्या मापाने हा तंबू तसे तीन दिवस सहज झेलेल, असा हिशोब कुणीही करेल. तो चुकीचा आहे. हा आकडा पावसाचा नाही. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला म्हणजे ते झिरपू लागतं, याचा आहे. तंबू गळतो तो कापडातून कमी आणि शिवणीतून, चेनमधून, तळातून जास्त. म्हणून शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का आणि तळाचं कापड परातीसारखं चारी बाजूंनी वर वळलेलं आहे का, हे पाहावं. त्यातही किनाऱ्यावरच्या दमट हवेत पहाटे छताला थेंब दिसले की ‘लीकेज’ म्हणून ओरड सुरू होते. ते थेंब रात्रभर सोडलेल्या श्वासांचे असतात. बाहेरचं पावसाचं कापड वेगळं, आतला जाळीचा तंबू वेगळा आणि खिडक्या समोरासमोर असतील तर हा त्रास बराच कमी होतो. तंबूचं तोंड पूर्वेला असावं का, असंही विचारलं जातं. वास्तूसाठी जरूर असावं. उन्हाने सकाळी-सकाळी भाजून उठायची तयारी मात्र ठेवावी.

खरी परीक्षा सोसायटीच्या गच्चीवर घ्यावी. सेक्रेटरीची परवानगी लागेल, वॉटरप्रूफिंगची आठवण करून दिली जाईल, एखादा सभासद पुढच्या सभेत विषय काढेल, तरीही घ्यावी. कारण गच्चीत मेख ठोकता येत नाही, आणि मेखांशिवाय स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा तंबूच सह्याद्रीत उपयोगाचा. तिकडे बऱ्याच ठिकाणी बोटभर मातीखाली मुरूम नाहीतर काळा कातळ लागतो, आणि तंबूसोबत मिळणाऱ्या बारीक तारेच्या मेखा पहिल्या घावात वाकतात. केळव्याच्या वाळूत उलटी गत, तिथे त्या लोण्यात सुरी जावी तशा जातात आणि तशाच निघतात. वाळूसाठी लांब, रुंद पात्याच्या मेखा आणि मुरमासाठी जाड लोखंडी मेखा व हातोडा, असे दोन्ही संच बाळगावेत. याबाबत गुरू करायचाच असेल तर वारीतल्या दिंडीला करावा. आळंदीहून पंढरपूरकडे जाताना दिंडीचे ट्रक पुढे जाऊन मुक्कामाला राहुट्या ठोकतात, आषाढाच्या पावसात, दुसऱ्याच्या वावरात, जवळजवळ रोज नव्या जागी. तिथे कापडावर माणसांचा आकडा छापलेला नसतो. पाणी कुठून येईल ते आधी बघतात, मग भोवती चर खणतात, आणि किती जण मावतील हे झोपणारे झोपल्यावर कळतं.

उरला भाड्याचा प्रश्न. पवना धरणाच्या काठाला तंबू उभे करूनच मिळतात, जेवणही मिळतं, मग विकत कशाला? वर्षातून एकदाच जाणाऱ्याला हे उत्तर पुरेसं आहे आणि त्याने इथेच वाचन थांबवावं. पण अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर ज्याला कधी झोप लागली नाही, त्या मराठी माणसाला भाड्याच्या तंबूत लागेल याची खात्री देता येत नाही. दोन-तीन हिवाळे जायचं नक्की असेल तर घ्यावा: चौघांच्या घरासाठी पिशवीवर आठ लिहिलेला, मध्ये पडदा असलेला दोन खोल्यांचा, डिकीत तो मावत नसेल तर सहाचा, आणि सामान गाडीत. दुकानात टेप घेऊन जा, आणि तंबू उघडून उभा करून दाखवायला नकार देणाऱ्या दुकानातून तो घेऊ नका.