भिंतीवरच्या प्रमाणपत्रास खुले पत्र

मा. फार्मासिस्ट नोंदणी प्रमाणपत्र महोदय,
मुक्काम : काचेची चौकट, देवाच्या तसबिरीशेजारी.



आपल्या कर्तव्यनिष्ठेला तोड नाही. आपले धनी दुसरीकडे पूर्णवेळ नोकरी करतात, दरमहा आपले भाडे घेतात आणि दुकान आपल्या एकट्याच्या भरवशावर चालते. काउंटरवरचा पोरगा चिठ्ठी न बघता सेफिक्झिम या अँटिबायोटिकची पट्टी कात्रीने कापतो. लाल 'आरएक्स' आणि मुदतीची तारीख दुकानातल्या तुकड्यावर राहते, गोळ्या गिऱ्हाइकाच्या खिशात जातात. आपण वरून सारे पाहता, पण हूं की चूं करत नाही.

अडचण एवढीच की कायद्याला आपण पुरेसे वाटत नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्याचे कलम ४२ सांगते की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे. डॉक्टरने स्वतःच्या रुग्णाला औषध देणे या कलमाने वगळले आहे. १९४५ च्या औषध नियमांतला ६५ वा नियम फार्मासिस्टच्या 'व्यक्तिशः देखरेखीची' अट घालतो. देखरेख करायला डोळे लागतात. आपल्याला फक्त काच आहे. यावर दुकानदार म्हणतील, हा तर नुसता नियम, संसदेने थोडाच केला? पण राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत औषधे आणि विषे आहेत. त्या विषयावरच्या १९४० च्या कायद्याचे कलम ३३ विक्रीचे नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारला देते, आणि कलम ३८ ते नियम संसदेपुढे ठेवायला लावते. नियमाला बळ येते ते तिथून. शिवाय दुकानाचा परवाना याच नियमांखाली मिळतो. नियम मोडायचा आणि त्याच नियमाने दिलेला परवाना मिरवायचा, हे आपल्या चौकटीतच शोभते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे : खेड्यात फार्मासिस्ट आणायचा कुठून? ही अडचण कायद्याने ओळखली नव्हती असे नाही. नियमांच्या 'शेड्यूल के'मध्ये हजारापर्यंत वस्तीच्या गावांत ठरावीक घरगुती औषधे विनापरवाना विकण्याची, अटींसह, सवलत आहे. म्हणजे सूट कुठे द्यायची हे विचार करून ठरले आहे. ती पट्टीतल्या अँटिबायोटिकला दिलेली नाही. उलट २०१३ मध्ये 'शेड्यूल एच-वन' आले, सेफिक्झिम त्यात घातले गेले आणि वेगळी वही बंधनकारक झाली : डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध, नग. वही तीन वर्षे जपायची. खेड्याचे गाऱ्हाणे शहरातल्या भर चौकातल्या दुकानाने सांगावे, याचे मात्र कौतुक वाटते.

राहिला शेवटचा युक्तिवाद : 'सगळीकडे असेच चालते.' रूढीलाही कधी कधी कायद्याचे बळ मिळते, हे खरे. पण स्पष्ट कायद्याच्या विरुद्ध ती उभी राहू शकत नाही, आणि इथे तर कायदा तीन ठिकाणी लिहून ठेवला आहे. तपासनीस क्वचित येतो, ही तक्रार रास्त आहे. पण त्याच्या न येण्याने अंमलबजावणी लंगडते, अधिकार नव्हे.

तेव्हा एक विनंती. पुढच्या वेळी एच-वनची वही उघडली गेली, तर आत कोणाकोणाची नावे आहेत आणि ती एका बैठकीत, एकाच शाईने लिहिली गेली आहेत का, एवढे तेवढे वरून वाचून कळवावे.

आपला,
चिठ्ठी घेऊन उभा असलेला गिऱ्हाईक