पासआऊट

‘आमचा धाकटा २०२२चा पासआऊट,’ असं विश्रांतवाडीच्या चौकात कटिंग मारता मारता कुणी सांगितलं, की समोरचा लगेच ‘पॅकेज किती?’ विचारतो.

लंडनकर असता, तर आधी डॉक्टर बोलावला असता. तिकडच्या रोजच्या बोलण्यात ‘पास आऊट’ म्हणजे शुद्ध हरपणं. २०२२ला पडलेला पोरगा अजून बेशुद्धच!

तसा सगळाच दोष आपला नाही. ब्रिटिश फौजेतही प्रशिक्षण संपवणारे कॅडेट ‘पास आऊट’च होतात. खडकवासल्याच्या एनडीएत तर ‘पासिंग आऊट’ परेड वर्षातून दोनदा असते. आपण कवायत गाळली, शब्द तेवढा उचलला आणि इंजिनिअरांच्या बायोडेटात नेऊन बसवला.

संचलनात भर उन्हात एखाद्याला भोवळ आलीच, तर मात्र दोन्ही इंग्रज्या बरोबर ठरतात.