भिंत मालकाची, शिसं भाडेकरूचं

दिवाळी तोंडावर आली की टेंभुर्णीत दारं-खिडक्या खरवडायला घेतात. (जालन्याचं टेंभुर्णी, सोलापूरचं नव्हे.) पेंटर तोंडाला रुमाल बांधतो, पॉलिश पेपर मारतो, जुन्या ऑइल पेंटची भुकटी उंबऱ्यावर पडते. त्याच उंबऱ्यावर वर्षाचं पोर रांगतं आणि बोटं तोंडात घालतं.

त्याला रुमाल कोण बांधणार?

जुन्या पिवळ्या, केशरी, लाल ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. रंग खुलायचा, लवकर वाळायचा, वर्षानुवर्षं टिकायचा. टिकला, हीच तर अडचण आहे.

2015 साली शिशाच्या नावानं देशभरातल्या दुकानांतून मॅगी उतरवली गेली. मर्यादा होती 2.5 पीपीएम. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, ऑगस्टमध्ये बंदी रद्द झाली. दोन मिनिटांच्या नूडल्ससाठी प्रयोगशाळा, वकील, चॅनेलवाले, सगळे कामाला लागले. चाळीस वर्षांच्या दारासाठी कोण लागलं?

कायदा आहे ना! 2016 ची अधिसूचना, 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या आत हवं, डब्यावर तसं छापायला हवं. उत्तम. पण डब्यातल्या रंगाला कायदा आहे. तोच रंग कायद्याआधी दाराला लागला असेल, तर तो सुटला.

आणि दाराचा मालक? तोही सुटला.

भाडेकरार काढून बघा. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, पाहुणे जास्त दिवस ठेवायचे नाहीत, पाण्याची मोटार दहा मिनिटांवर चालवायची नाही. भिंतीला इजा होऊ नये म्हणून अर्धं पान. भिंतीनं पोराला इजा करू नये म्हणून एक ओळ?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 14 नुसार मालकानं जागा राहण्याजोगी ठेवायची. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरूनं ती करून खर्च भाड्यातून वळता करायचा, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. यात शिशाचं नाव नाही. शिवाय हा कायदा परिशिष्टातल्या गावांपुरता. तुमचं गाव त्यात नसेल, तर मालकाच्या मर्जीवर राहा.

इथला पोरगा नोकरीला न्यू जर्सीत गेला, की चित्र पालटतं. अमेरिकेत 1978 साली घरात शिशाचा रंग बंद झाला. 1992 च्या कायद्यानं 1978 आधीच्या घराच्या मालकाला बांधून टाकलं: शिसं आहे हे माहीत असेल तर भाडेकरूला लेखी सांगा, वर माहितीपुस्तिका द्या. न्यू जर्सीत 2022 पासून अशा बहुतेक भाड्याच्या घरांची तपासणीच सक्तीची. धोका सापडला की मालकानं स्वखर्चानं निस्तरायचा.

म्हणजे नातू तिकडे सुरक्षित. दिवाळीला गावी आला की देवाच्या हवाली.

घरमालकांना किती झोडपायचं? सर्वांत मोठा मालक तर सरकार. जिल्हा परिषदेच्या शाळा, अंगणवाड्या, त्यांच्या त्या 'बोलक्या भिंती'. पाढे बोलतात, बाराखडी बोलते, स्वच्छतेचे संदेश बोलतात. जुन्या थरात काय आहे, ते कोणी बोलतं?

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. युनिसेफच्या 2020 च्या अहवालात भारतातल्या 27 कोटींहून जास्त मुलांच्या रक्तात धोक्याइतकं शिसं असल्याचा अंदाज आहे. ते रंगातून येतं, तसं जुन्या बॅटऱ्या गाळणाऱ्या भट्ट्यांतूनही येतं. ते मेंदूवर जातं, पोराचं लक्ष लागत नाही. मग आपण काय करतो?

शिकवणी लावतो.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर जुना रंग कोरडा घासू नका, पाणी मारून ओला खरवडा. पोरांना आणि गरोदर बाईला त्या दिवशी दुसऱ्या घरी ठेवा. भुकटी झाडूनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. नवा डबा घेताना त्यावरची शिशाची ओळ वाचा.

आणि मालकाला एकदा विचाराच, "या दाराला कोणता रंग आहे हो?" तो म्हणेल, पटत नसेल तर खोली सोडा.

सोडा. पोरानं दाराचा रंग कुरतडला म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापायला तो विसरणार नाही.