रविवारचा बारगीर

मराठा फौजेत स्वारांचे दोन मुख्य प्रकार असत: ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा व सरंजाम घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. आजच्या पुण्या-मुंबईत या दोहोंत न बसणारा एक तिसरा प्रकार आढळतो. तासाचे पैसे मोजून दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा आणि मोहिमेवर न निघता रेतीच्या रिंगणात गोल फिरणारा हा रविवारचा बारगीर होय. वयाने तो चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असतो. हाताखाली माणसे असलेली नोकरी, बरेचसे फिटलेले गृहकर्ज आणि स्वतःच्या गुडघ्यांवरचा अनाठायी विश्वास ही त्याची ठळक लक्षणे होत.

घोड्याकडे वळण्याची जी कारणे तो चारचौघांत सांगतो, ती खरी नसतात. पाठीचे दुखणे, मनावरचा ताण, मोबाइलपासून सुटका ही सांगण्याची कारणे झाली. मुळात आपल्या घराण्यात कोणीतरी नामांकित स्वार होऊन गेलाच असला पाहिजे आणि त्याचे कसब आपल्या मांड्यांत सुप्तावस्थेत आहे, अशी त्याची खात्री असते. प्रवेश-अर्जातील पूर्वानुभवाच्या रकान्यात तो ‘माथेरान’ असे लिहितो. माथेरानात मोटारींना बंदी असल्याने घोडा हे तेथील वाहतुकीचे खरेखुरे साधन आहे, हे मान्य केले तरी तेथे दोर घोडेवाल्याच्या हाती असतो, वाट घोड्याला पाठ असते आणि बसणाऱ्याकडे टोपी सांभाळण्याखेरीज काही काम उरत नाही, ही बाब अर्जात येत नाही. मग गुडघ्यापर्यंतचे बूट, ब्रीचेस, हातमोजे, हेल्मेट आणि चाबूक अशी खरेदी होते. यांपैकी पहिल्या दिवसापासून खरोखर अत्यावश्यक असे हेल्मेटच तेवढे असते, आणि फोटोत चेहरा झाकला जातो म्हणून त्याचा राग नेमका हेल्मेटवरच असतो.

चालत्या तबेल्यात शिक्षणाचा आरंभ घोड्याच्या पाठीवर होत नाही, हा त्याला बसणारा पहिला धक्का. तबेल्याचा दिवस पहाटे चंदीने, म्हणजे घोड्याच्या दाण्याने, सुरू होतो आणि नंतर लीद काढणे, खरारा करणे, खूर साफ करणे ही कामे ओळीने येतात. खरारा म्हणजे दातेरी साधनाने व ब्रशाने अंगावरील धूळ आणि सुटे केस काढण्याची क्रिया. खोगिराखाली अडकलेला एखादा खडाही पाठीला जखम करू शकत असल्याने ती टाळता येत नाही. एक घोडा दिवसाकाठी पंधरा-वीस किलो लीद टाकतो, ही माहिती पुस्तकात वाचणे निराळे आणि फावड्याने उचलणे निराळे. येथे सत्ता साईसाची असते. साईस म्हणजे घोड्याची निगा राखणारा चाकर. जुन्या भाषेत मोतद्दार. कचेरीत एका फोनवर दहाजणांना हलवणारा हा गृहस्थ साईसाने “साहेब, मागनं जाऊ नका” एवढे म्हणताच जागीच थिजतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला चौफेर दिसते. फक्त नेमके मागे आणि कपाळाच्या अगदी पुढे असलेले त्याला दिसत नाही, म्हणून आवाज देत खांद्याच्या बाजूने जवळ जावे, हा नियम लहान मुले एकदा ऐकून पाळतात. रविवारचा बारगीर मात्र सवयीने, बैठकीच्या खोलीत शिरावे तसा, मागून आणि न सांगता शिरतो.

खोगीर चढवताना त्याची दुसरी फजिती ठरलेली. खोगीर जागेवर धरून ठेवणारा, पोटाखालून आवळायचा पट्टा म्हणजे तंग. अनुभवी घोडा तंग आवळतेवेळी पोट फुगवून ठेवतो आणि नंतर सावकाश श्वास सोडतो, त्यामुळे थोड्या वेळाने तंग पुन्हा आवळावा लागतो. ज्याने तो आवळला नाही, त्याने डावा पाय रिकिबीत घालून अंग उचलले की खोगीर सन्मानपूर्वक त्याच्याकडे येऊ लागते. घोड्यावर डावीकडूनच का चढायचे, तर तलवार डाव्या कुशीला लटके म्हणून, हे कारण कळल्यावर त्याला अर्धा क्षण फार बरे वाटते. उरलेला अर्धा क्षण तो उजवा पाय पलीकडे नेण्याच्या खटपटीत घालवतो.

त्याच्या वाट्याला येणारा घोडा बहुधा शर्यतीतून निवृत्त झालेला असतो. मुंबईत हिवाळ्यात आणि पुण्यात पावसाळ्यात शर्यतींचा हंगाम भरतो, आणि धावण्याचे दिवस सरलेले कित्येक थरोब्रेड पुढे शिकाऊ मंडळींच्या सेवेत रुजू होतात. अशा घोड्याने शेकडो विद्यार्थी पाहिलेले असल्याने पाठीवर बसलेल्या माणसाचे ऐकायचे की नाही, हे तो पहिल्या फेरीतच ठरवून टाकतो. शिक्षक बहुधा लष्करातून निवृत्त झालेले, घोडदळात वा रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोरमध्ये उमेदीची वर्षे घालवलेले असतात. त्यांना सगळे रिसालदार साहेब म्हणतात आणि त्यांची शिकवण “एडी नीचे, नजर सामने” या चार शब्दांत आटोपते. टाच खाली असली म्हणजे पाऊल रिकिबीत आरपार घुसून स्वार फरफटला जाण्याचा धोका कमी होतो आणि शरीराचा तोल खाली राहतो, एवढा अर्थ त्या पहिल्या दोन शब्दांत भरलेला असतो. रिसालदार साहेब “ट्रॉट” असे म्हणताच घोडा दुडकीवर येतो. वस्तुतः घोड्याने त्यांचा आवाज ओळखलेला असतो, पण ही आपल्याच टाचेची करामत अशी समजूत करून घेऊन बारगीर कृतार्थ होतो. साहेबांचा फोन वाजला की घोडा थांबतो. मग कितीही टाचा मारल्या तरी संभाषण संपेपर्यंत तो हलत नाही, आणि या घटनेचा पहिल्या घटनेशी काही संबंध असेल असे बारगिराच्या मनातही येत नाही.

दुडकी हे या विद्येचे खरे स्मशान. या चालीत एकमेकांना तिरके असलेले पाय जोडीने पडतात, म्हणजे पुढचा डावा व मागचा उजवा एकदम, मग उलट जोडी; त्यामुळे पाठीला ठराविक दोन ठोके बसतात आणि स्वाराने एका ठोक्याला उठून दुसऱ्याला बसायचे असते. बारगीर नेमका उलट्या ठोक्याला बसतो, घोडा त्याला वर फेकतो, तो पुन्हा चुकीच्या वेळी परततो, आणि हा व्यवहार दोन्ही पक्षांच्या पाठीस सारखाच जड जातो. धीर सुटला की तो लगाम ओढून धरतो. शर्यतीच्या घोड्याला लगामाच्या ताणावर टेकून धावण्याची सवय असल्याने तेवढ्यापुरते त्याचे तारुण्य परत येते. अशा वेळी मागून नऊ-दहा वर्षांची एखादी मुलगी तीन ठोक्यांच्या चालीत, म्हणजे कँटरमध्ये, सहज येते आणि “काका, ट्रॅक सोडा” असे सांगून पुढे निघून जाते. घोड्यावरून पडण्याचे त्याला फारसे दुःख होत नाही, पडल्यावाचून स्वार होत नाही हे त्याने ऐकलेले असते. त्याला लागते ते हे की, तो पडताच सगळेजण धावत येतात आणि आधी घोड्याचे पाय तपासतात.

आश्चर्य असे की, एवढे होऊनही तो येणे सोडत नाही. काही महिन्यांनी तो ठरल्या वेळेच्या तासभर आधी येऊ लागतो, गाजरे आणतो, आणि साईसाने हातात ब्रश दिला नाही तर अस्वस्थ होतो. घोड्याला ओकता येत नाही, म्हणून त्याच्या पोटदुखीचे प्रकरण जिवावर बेतू शकते आणि म्हणूनच त्याला थोडे थोडे, पुन्हा पुन्हा खायला द्यावे लागते, हे तो जेवणाच्या टेबलावर, पाहुण्यांची पंगत चालू असताना, विस्ताराने सांगतो. मांड अजून पक्की झालेली नसते. पण शब्दसंग्रह पुष्कळ पुढे गेलेला असतो, आणि आप्तेष्टांपैकी कोण कोणत्या पायाने लंगडतो हे त्याच्या नजरेतून सुटत नाही.

नात्यातल्या लग्नात वरात निघाली की या माणसाचे लक्ष नवरदेवाकडे नसते. ढोलताशांच्या गजरात घोडीने कान मागे चिकटवले आहेत, म्हणजे ती चिडली आहे, हे एकट्या त्यालाच दिसते. तो गर्दीतून वाट काढत, आवाज देत, खांद्याच्या बाजूने पुढे येतो, तंगाखाली बोटे घालून पाहतो आणि भाच्याला टाच खाली घ्यायला सांगतो. घोडीवाल्याला तंबाखू मळायला हात मोकळे हवेच असतात, त्यामुळे लगाम विनातक्रार याच्या हाती येतो. कार्यालयाच्या दारात वधूकडील एक वडीलधारे गृहस्थ सुटातल्या या माणसाच्या खिशात शंभराची नोट सरकवतात. ती काढून तो घोडीवाल्याच्या हातावर ठेवतो आणि आधी तंग नवा घे, असे त्याला बजावतो.