परस्पर दानशूरास अनावृत पत्र

मा. दादा,
सप्रेम नमस्कार वि. वि.

रस्त्यावरचा चिखल वाळायच्या आत तुमचा फ्लेक्स चौकात लागला, तेव्हाच आमच्या पूरग्रस्त निधीचे नशीब उघडल्याचे आम्ही ओळखले. फ्लेक्सवर मधोमध तुम्ही, भोवती कार्यकर्ते, आणि खाली कोपऱ्यात, चष्मा लावून शोधावे लागेल असे, आमच्या ट्रस्टचे बोधचिन्ह. ते छापण्याआधी तुम्ही आम्हाला विचारले नाहीत. पूरकामात गुंतलेल्या माणसांना कशाला त्रास द्यायचा, हा तुमचा विनय! पूरग्रस्तांचाही फोटो घ्यायचा होता म्हणे, पण ती जागा क्यूआर कोडला लागली. कोड स्कॅन केला की तुमच्या मेव्हण्याचे नाव येते. त्यांनाही आमचा नमस्कार सांगा.

२०१९ साली कृष्णा-पंचगंगा सांगली-कोल्हापुरात घराघरांत शिरल्या, तेव्हापासून पाहतो आहोत. पाणी उतरायला आठवडा लागतो, मदतनिधी मात्र रातोरात उगवतात. तुमचा उत्साह थोपवायची आमची इच्छा नाही. पण आमच्या विश्वस्तांत काही जुन्या वळणाची माणसे आहेत. ती म्हणतात, ट्रस्टचे नाव वापरून पैसे गोळा करायचे तर आधी ट्रस्टचे लेखी पत्र हवे. ट्रस्टला वगळून स्वतःच वर्गणी काढायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी हवी, आणि नंतर हिशेबही हवा. गल्लीतली गणपती मंडळे हीच परवानगी काढतात. तुमचे मंडळही काढते. तुम्हीच त्याचे अध्यक्ष आहात. तेव्हा कलम तुमच्या कानावर पडलेले असावे.

निधीसाठी तुम्ही ठेवलेला ऑर्केस्ट्रा उत्तम झाला. तिकिटावर ‘संपूर्ण रक्कम पूरग्रस्तांना’ असे छापले होते, ते वाचून आमच्या हिशेबनिसाला भरून आले. मग तुमचा हिशेबाचा कागद आला. त्यात स्टेज, साउंड, कलाकारांचे मानधन, पाहुण्यांचे जेवण, शाल-श्रीफळ, सगळे वजा करून खाली रक्कम दिली होती. आमचे म्हणणे एवढेच, की तिकीट घेणाऱ्याने पूरग्रस्ताला पैसे दिले होते, तुमच्या पाहुण्यांना शाल दिली नव्हती. खर्च करायचाच होता तर तो प्रायोजकाकडून घ्यायचा, किंवा किती टक्के रक्कम निधीला जाईल ते तिकिटावरच लिहायचे. पण ते वाचून तिकिटे खपली नसती, हे तुम्ही जास्त जाणता.

मंचावर तुम्ही दिलेला थर्माकोलचा धनादेश दिसायला देखणा आहे. बँकेत तो चालत नाही. खरा केव्हा मिळेल?

आता तुमच्या फोनबद्दल. ‘सगळ्या रकमेची करसवलतीची पावती माझ्या नावाने फाडा’, असे तुम्ही म्हणालात. दादा, इथे मात्र आम्ही दिपून गेलो. पानटपरीवाल्याने शंभर दिले, शाळेतल्या बाईंनी पाचशे, बाजार समितीतल्या हमालांनी मिळून काही. आणि करसवलत तुम्हाला! दुसऱ्याच्या घामाचे पुण्य आपल्या पॅन क्रमांकावर जमा करण्याची कल्पना चित्रगुप्तालाही सुचली नसती. अडचण अशी, की ज्याच्या खिशातून पैसा गेला त्याच्याच नावाने पावती निघते. प्रत्येक देणगीदाराचे नाव, पत्ता, ओळख क्रमांक आणि रक्कम ट्रस्टला विवरणपत्रात आयकर खात्याला कळवावी लागते. दोन हजारांवरच्या रोख देणगीला वजावट नाही. देणाऱ्यांची नोंदच नसेल, तर अशा निनावी देणग्यांवर एका मर्यादेपलीकडे ट्रस्टलाच ३० टक्के कर भरावा लागतो. म्हणजे तुम्ही यादीशिवाय पिशवी आणून ठेवलीत, तर पूरग्रस्तांच्या पैशातून सरकारला वाटा जाण्याची वेळ येऊ शकते. शिवाय तुम्ही नवी करप्रणाली निवडली असेल, तर ही वजावट तुम्हाला मिळतच नाही. एवढा खटाटोप फुकट जाईल, याचे आम्हाला वाईट वाटते.

तुम्ही पाठवलेल्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांविषयी काही लिहीत नाही. त्यांतल्या एकेकट्या चपलांचे जोड अजून शोधतो आहोत.

दुसऱ्यांनी पैसे गोळा करणे आपल्याकडे नवे नाही. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला, एकेक पैसा मागत माणसे गावोगाव फिरली, आणि १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. फ्लेक्सचा शोध लागायचा होता, म्हणूनच बहुधा पैसे कारखान्यापर्यंत पोचले.

तुम्हालाही पुढच्या वेळी मागायचे असेल, तर खुशाल मागा. आमचे पत्र घेऊन या, आमचीच पावतीपुस्तके न्या, क्रमांक मोजून परत करा, कोड आमच्या खात्याचा लावा, रोख जमेल ती दुसऱ्याच दिवशी भरा. फोटो हवा तेवढा मोठा छापा.

कळावे, लोभ असावा. रक्कमही असावी.

आपला,
खजिनदार, पूरग्रस्त निधी

ता. क. : पत्र खुले असल्यामुळे ते इतरांच्याही हाती पडेल. त्यांना विनंती : आमच्याकडे दिलेत तर वजावट निम्म्या रकमेची, मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेत तर पूर्ण रकमेची, कुठेही द्या, पण थेट निधीच्या खात्यात भरा. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर कोणाचे नाव येते ते वाचा, आणि पावती स्वतःच्या नावाने मागा.